बेटावर कधी जावे

दरवर्षी १५ मेच्या आसपास, दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटांच्या सुमारास, वडाळ्यात उभ्या असलेल्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली जाते. कात्रक रोडवरचा विजेचा खांब, पाच उद्यानांच्या कुंपणाचे गज, स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याच्या छत्रीचा दांडा, कशाचीच सावली बाजूला पडत नाही. सूर्य अगदी माथ्यावर असतो. तिथून तो उत्तरेकडे सरकतो, आणि जुलैच्या अखेरीस परतताना पुन्हा एकदा आपल्या डोक्यावरून जातो. त्या दिवशी आभाळ बहुधा भरलेले असते, त्यामुळे ही दुसरी खेप सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. सूर्य ज्या प्रदेशाच्या असा थेट माथ्यावर येऊ शकतो, तो उष्ण कटिबंध. वडाळा १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि वडाळा बेटावर आहे. प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींत ज्याला ‘ट्रॉपिकल आयलंड’ म्हणतात, त्याच्यावरच आपण भाजी घेतो, लोकल पकडतो आणि मुले शाळेत पाठवतो.

हे पुस्तक बेटांविषयी आहे, पण ते बेटांचे वर्णन करणारे पुस्तक नाही. बेटावर कोणत्या दिवसांत जावे, एवढा एकच प्रश्न त्यात धरला आहे. प्रश्न साधा वाटतो, आणि त्याचे उत्तरही सगळ्यांना पाठ असते: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा बरी, समुद्र शांत, आभाळ मोकळे. या उत्तरात काही खोटे नाही. ते अपुरे आहे. कशासाठी जायचे आहे हे विचारण्याआधीच ते दिलेले असते, आणि कोणत्या बेटावर हेही त्याने विचारलेले नसते. घारापुरीची लेणी, शिवडीचे रोहित पक्षी, अलिबागचा कुलाबा किल्ला, मालवणचा सिंधुदुर्ग, अंदमान, मॉरिशस या सगळ्यांना एकच महिना लागू पडणे शक्य नाही. वडाळ्याला तर तो मुळीच लागू पडत नाही.

मुंबईची सात बेटे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेली असतात. कुलाबा, धाकटे कुलाबे, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. त्यांतल्या परळच्या बेटाचा उत्तरेकडचा आणि पूर्वेकडचा भाग म्हणजे आजचे शीव, माटुंगा, वडाळा. १७८४च्या सुमारास हॉर्नबीच्या बांधाने महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधली खिंड बुजली. १८०३ साली शीवहून कुर्ल्याकडे, म्हणजे साष्टीवर जाणारा बांधाचा रस्ता झाला. १८४५ साली माहीमचा कॉजवे झाला. मधल्या खाचखळग्यांत भराव पडत गेले, आणि आपण बेटावर राहतो ही जाणीव हळूहळू निघून गेली. ती परत येते पावसात. २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर कुलाब्याला अवघा ७३. वर पाऊस आणि खाली भरती अशा कात्रीत शहर सापडले, तेव्हा पाण्याला जायला वाट कुठून आहे आणि कुठे नाही हे मुंबईकराने पहिल्यांदा नकाशा समोर घेऊन पाहिले.

वडाळ्याच्या पूर्वेला मात्र बेटपण अजून डोळ्यांना दिसते. तिकडे खाजण आहे, तिवरांचे रान आहे, आणि जुन्या मिठागरांच्या खुणा आहेत. मीठ पिकायला ऊन आणि वारा लागतो. पावसाळा सरला की आगरात भरतीचे पाणी घ्यायचे, उथळ चौकोनांत ते आटवत न्यायचे, आणि मेअखेर वळीव येण्याआधी पांढऱ्या राशी झाकून मोकळे व्हायचे, असे ते काम. ज्यांनी ही आगरे राबवली त्यांना बेटाचा हंगाम कोणता हे विचारावे लागत नव्हते. त्यांचे पोट त्या हंगामावर होते. आज त्या आगरांच्या जागी आणि शेजारी वसाहती आहेत, ट्रक टर्मिनल आहे. २०१४ साली मोनोरेल सुरू झाली, तेव्हा भक्ती पार्कजवळ तिच्या खिडकीतून तिवरांचा तो हिरवा पट्टा अनेक वडाळेकरांनी आयुष्यात पहिल्यांदा वरून पाहिला.

आपण कधी जातो, हे खरे तर हवा ठरवत नाही. ते शाळा ठरवते. मराठी घरातला प्रवास दिवाळीच्या सुट्टीत होतो किंवा मे महिन्यात, आणि हे दोन्ही काळ आपल्या किनाऱ्याला फारसे सोयीचे नाहीत. ऑक्टोबरात पाऊस गेलेला असतो, पण जमिनीतली ओल उन्हाने वर येते आणि अंगाची काहिली होते; मुंबईत ऑक्टोबरचे दुपारचे तापमान मेच्या बरोबरीने जाते. मेविषयी आणखी एक समजूत आहे, की तो सर्वांत तापलेला महिना. मुंबईत तसे होत नाही. सांताक्रूझला नोंदलेले सर्वांत जास्त तापमान, ४२.२ अंश, हे एप्रिलमधले आहे, १९५२ सालचे. मार्च-एप्रिलमध्ये कधी कधी जमिनीवरून येणारा पूर्वेचा कोरडा वारा दुपारपर्यंत जोर धरून राहतो आणि समुद्रावरचा वारा आत यायला उशीर होतो, तेव्हा पारा असा चढतो. मेमध्ये समुद्रवारा लवकर सुरू होतो. पारा खाली राहतो, पण घाम वाळत नाही. ज्याला उकाडा सोसत नाही त्याला हा फरक कळून उपयोग नाही. ज्याला तो सोसतो, त्याला मे महिन्यात पुष्कळ काही मिळते, त्याविषयी पुढे लिहिले आहे.

महिन्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट आहे तिथी. हे या पुस्तकात मी पुन्हा पुन्हा सांगितले आहे, कारण छापील प्रवासमाहितीत ते जवळजवळ कुठेच नसते. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते, आणि ही वेळ रोज पाऊण तासाने, कधी थोडी जास्त, पुढे सरकते. कोळीवाड्यात आणि कोकणात एक जुना ठोकताळा आहे: तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा, येईल तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला पाणी भरलेले. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. घड्याळाशी ताडून पाहिले तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण मुक्कामी बसून बेत ठरवायला एवढे पुरते. घरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी असतेच; गुणाकार मनात होतो.

याला दुसरी बाजू आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप दूर ओसरते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा पाणी चढते बेताचे आणि उतरतेही बेताचे. अलिबागचा कुलाबा किल्ला हे याचे उत्तम उदाहरण. शिवाजी महाराजांनी १६८० साली, आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत, त्याचे काम हाती घ्यायला सांगितले. भरतीला तो बेट असतो, ओहोटीला त्याच्याकडे चालत जाता येते. पुष्कळ जण सुट्टीचा वार बघून निघतात आणि किनाऱ्यावर येऊन पाणी उतरायची वाट बघत बसतात. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला मिळते, वेळ सोयीची वाटते, पण भांगामुळे पाणी पुरते हटत नाही. त्यापेक्षा पौर्णिमेनंतरची किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया धरावी. तेव्हा ओहोटी सकाळी साडेसात-आठच्या सुमारास असते, उधाणाचा जोर अजून टिकलेला असतो, आणि कोवळ्या उन्हात ओल्या वाळूवरून चालत किल्ल्यात जाऊन गणपतीचे दर्शन घेऊन पाणी चढायच्या आत परत येता येते. महिना डिसेंबर की मार्च, हा त्यानंतरचा प्रश्न.

शिवडीच्या रोहित पक्ष्यांचेही तसेच. वडाळ्याहून शिवडी हार्बरच्या गाडीने पुढचेच स्टेशन. तिथल्या चिखलाच्या मैदानावर हिवाळ्यात हे पक्षी उतरतात आणि पावसाचे ढग दिसू लागेपर्यंत राहतात. छोटा रोहित जास्त, मोठा रोहित त्यामानाने कमी. कच्छच्या रणात त्यांची वीण होते. ठाणे खाडीचा शिवडीपासून वरचा मोठा पट्टा त्यांच्यासाठी मोलाचा आहे. खाडीच्या एका भागाला २०१५ साली अभयारण्य म्हणून जाहीर केले गेले आणि २०२२ साली रामसर यादीत स्थान मिळाले. ‘रोहित कधी बघायला जावे’ असे विचारले की लोक महिना सांगतात. फेब्रुवारी-मार्च म्हणतात, आणि त्या दिवसांत संख्या भरपूर असते हे खरे. पण फेब्रुवारीत ऐन ओहोटीला गेलात, तर पक्षी दूर आत, पाण्याच्या रेषेपाशी, गुलाबी धूसर पट्ट्यासारखे दिसतील, दुर्बीण असली तर माना दिसतील, नसली तर तेही नाही. पूर्ण भरतीला गेलात तर चिखलच पाण्याखाली असेल आणि पक्षी दुसरीकडे गेलेले असतील.

जायचे ते भरतीच्या आधी दोन-अडीच तास. पाणी चढत येते, उथळ चिखलाची किनार किनाऱ्याकडे सरकते, आणि ते पक्षी तिच्याबरोबर एकेक पाऊल मागे घेत तुमच्याकडे येतात. चोच उलटी करून चिखलातून फिरवत, माना खाली, सगळे एका दिशेने. त्या वेळी आवाज ऐकू येतो, सततचा, घोगरा, बदकांसारखा. तो ऐकल्याशिवाय रोहित पाहिला असे मी म्हणणार नाही. अलीकडे समोरून अटल सेतू जातो. १२ जानेवारी २०२४ला तो खुला झाला, शिवडीपासून सुरू होतो, आणि तो बांधला जात असताना आणि नंतरही बरेच थवे नवी मुंबईच्या बाजूला, ऐरोली आणि सीवूड्सकडे दिसू लागले. ज्यांना शिवडीला निराशा आली त्यांनी तिकडे जावे, पण हिशेब तोच ठेवावा. आधी तिथी, मग तास, मग महिना.

घारापुरीविषयी या पुस्तकात सर्वांत जास्त पाने आहेत, आणि तिथे मी रूढ मताच्या विरोधात गेलो आहे. गेटवेवरून लाँचने तासाभराची वाट. १९८७ साली ही लेणी जागतिक वारसा यादीत आली. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा म्हटले, तो हत्ती आज भायखळ्याला, राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. वडाळ्याच्या माणसाला तो समुद्र न ओलांडता पाहता येतो, आणि घारापुरीला जाण्याआधी तो पाहून जावे असे माझे सांगणे आहे. बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ही तीन गावे आहेत. मुंबईचे दिवे समोर लखलखत असताना या गावांत कायमची वीज आली ती २०१८च्या फेब्रुवारीत, समुद्राच्या तळातून टाकलेल्या केबलने.

लोक जातात डिसेंबर-जानेवारीत. समुद्र तेव्हा खरोखर गुळगुळीत असतो, लाँचच्या वरच्या मजल्यावर गार वारा लागतो, लहान मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असतील तर हाच काळ योग्य. पण लेणे पाहायला जाणाऱ्याने एक गोष्ट लक्षात घ्यावी. मुख्य लेण्याचे तोंड उत्तरेला आहे, आणि सदाशिवाची ती साडेपाच मीटर उंचीची त्रिमुखी मूर्ती आत, दक्षिणेच्या भिंतीत, उत्तरेकडे पाहत उभी आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेला कललेला असतो. उत्तरेच्या तोंडातून तो आत डोकावतच नाही. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या उघड्या चौकांतून जो तिरका उजेड येतो, तेवढ्यावर सगळे अवलंबून राहते. मूर्ती अंधारात, प्रवासी तिच्यावर मोबाइलचा दिवा मारतात, आणि तो सपाट पांढरा उजेड तिन्ही मुखांवरचे सगळे भाव पुसून टाकतो.

एप्रिलअखेर आणि मेमध्ये सूर्य ईशान्येकडे उगवतो, माथ्यावरून जातो आणि वायव्येकडे मावळतो. पूर्वेचा चौक सकाळी उजळतो, उत्तरेच्या ओसरीतही ऊन शिरते, आणि जमिनीवरून, खांबांवरून परतलेला मऊ उजेड मागच्या भिंतीपर्यंत जातो. डोळे थोडे सरावू द्यावेत. मग डावीकडचे उग्र मुख, मधले शांत आणि उजवीकडचे कोमल, या तिन्हींवरची सावली वेगवेगळी आहे हे दिसू लागते. मधल्या मुखाचे मिटत आलेले डोळे, खालचा जाड ओठ, जटामुकुटावरची कलाकुसर ही सगळी त्या उजेडाची वाट पाहत असतात, असे मला वाटते. म्हणून माझा कौल स्पष्ट आहे: लेण्यांसाठी घारापुरीला जायचे तर एप्रिलचा शेवट किंवा मेचा पहिला पंधरवडा, आणि पहिली लाँच. पायऱ्या उन्हात चढाव्या लागतील, टोपी आणि पाणी जवळ ठेवा. वाटेवर गावातल्या बायका कैरी-काकडी घेऊन बसलेल्या असतात, त्यांच्याकडून घ्या. हंगामात येणाऱ्या माणसांवरच या बेटाचा वर्षभराचा संसार चालतो.

महाशिवरात्रीला घारापुरी वेगळी असते. पर्यटक बाजूला पडतात आणि भाविकांची रांग लागते. ज्याला आपण शिल्प म्हणतो ते त्या दिवशी पुन्हा देव होते. हेही पाहावे, पण त्या दिवशी शिल्प नीट पाहता येईल ही अपेक्षा ठेवू नये.

पावसाळ्यात घारापुरी हिरवीगार असते, कातळातून पाणी झिरपत असते, गर्दी नसते. बंदराच्या आतल्या बाजूला असल्याने हवा असेल त्याप्रमाणे लाँच चालू राहते, बंदही पडते. बाहेरच्या समुद्राचे तसे नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत आपल्या किनाऱ्यावरची बरीच प्रवासी जलवाहतूक थांबते. गेटवे-मांडवा लाँच थांबते, मुरूडजवळच्या राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्या थांबतात, मालवणहून सिंधुदुर्गाला जाणाऱ्या थांबतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीवरही बंदी असते. तो माशांच्या विणीचा काळ. पावसाळा अजून आला नाही, आभाळ निरभ्र आहे, मग २५-२६ मेलाच बोट बंद का, अशी तक्रार मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. १७ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले आणि बाँबे हाय परिसरातल्या बार्जवरची माणसे गेली. ३ जून २०२०ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्या तारखा पाहिल्या की या बंदीविषयी तक्रार करावीशी वाटत नाही.

श्रावणी पौर्णिमेला, नारळी पौर्णिमेला, कोळीवाड्यांतून समुद्राला नारळ वाहिला जातो आणि मग होड्या बाहेर पडतात. हा सण पंचांगाने ठरतो, पण त्यामागे पिढ्यांचे निरीक्षण आहे: साधारण या सुमारास वाऱ्याचा जोर ओसरू लागतो. हे सरसकट खरे ठरत नाही, कधी भाद्रपदातही समुद्र खवळलेला असतो. तरी बेटावर जायचा बेत करताना मी अजूनही पहिली रेघ इथेच ओढतो.

बेटावर कधी उतरावे, हा प्रश्न आपल्या इतिहासात एकदा राज्याच्या जिवावर येऊन गेलेला आहे. १६७९ साली ऑगस्टच्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी माणसे घेऊन खांदेरीवर उतरला आणि तटबंदीला हात लावला. खांदेरी मुंबई बंदराच्या तोंडाशी, थळच्या किनाऱ्यासमोर. इंग्रजांना हे ठाणे डोळ्यांसमोर उभे राहिलेले चालणारे नव्हते. पण समुद्र अजून पुरता निवळलेला नव्हता, आणि ऋतू उलटेपर्यंत थांबावे तर बेटावर दगडावर दगड चढत होता. सप्टेंबरात मुंबईहून त्यांची गलबते आली, ऑक्टोबरात झुंज झाली. मराठ्यांच्या लहान होड्या किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातून, रात्रीच्या अंधारात, बेटाला रसद पोहोचवत राहिल्या. इंग्रजांची मोठी जहाजे त्यांना रोखू शकली नाहीत. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. २०२५ साली मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत खांदेरी आहे, सुवर्णदुर्ग आहे, सिंधुदुर्गही आहे. सिंधुदुर्गाचा पायाही घातला गेला तो २५ नोव्हेंबर १६६४ला, पाऊस गेल्यावर, बांधकामाचा सबंध कोरडा हंगाम पुढे ठेवून. ज्यांना समुद्र कळत होता त्यांनी महिना असा निवडला. खांदेरीच्या दीपगृहाचा दिवा १८६७ सालापासून आहे. सप्टेंबरमधल्या एखाद्या स्वच्छ संध्याकाळी थळच्या वाळूत उभे राहून त्याच्याकडे पाहिले, तर मधले पाणी किती थोडे आहे आणि त्या दिवसांत ते किती अवघड असते, हे दोन्ही समजते.

दूरच्या बेटांवरची प्रकरणे या पुस्तकात आखूड आहेत, कारण तिकडचे अनुभव पुष्कळांनी लिहिले आहेत. तरी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण तिच्यात मराठी कुटुंबांची खूप रजा आणि खूप पैसे वाया जातात. अंदमानला आपण दिवाळीच्या सुट्टीत जातो. ४ जुलै १९११ला सावरकरांना जिथे आणले गेले तो सेल्युलर जेल पाहण्याची ओढ आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि दिवाळीची सुट्टी सोयीची असते. पण आपल्याकडे पाऊस संपला म्हणून तिकडे संपत नाही. अंदमानला नैर्ऋत्य मोसमी पाऊस मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच पोहोचतो, आपल्या आधी, आणि परतीचा पाऊसही तिथे भरपूर पडतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचाही काळ. बेटाबेटांमधल्या बोटी रद्द होतात, आणि आखलेला प्रवास पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमच्या, हॉटेलच्या खोलीत बसून काढावा लागतो. अंदमानला जानेवारीचा मध्य ते एप्रिल. शाळा बुडते खरी, पण चार दिवस शाळा बुडवून सेल्युलर जेलच्या कोठडीत उभे राहण्याने मुलाचे नुकसान होत नाही. लक्षद्वीपसाठीही पावसाळा टाळावा आणि परवाना आधी काढावा.

श्रीलंकेला पाऊस दोन बाजूंना दोन वेगळ्या काळांत पडतो. मे ते सप्टेंबर पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर, आणि वर्षाच्या अखेरीस पूर्वेला त्रिंकोमालीकडे. त्यामुळे तिथे महिना ठरवायचा नसतो, बाजू ठरवायची असते. मॉरिशस विषुववृत्ताच्या पलीकडे. तिथे आपल्या उन्हाळ्यात हिवाळा सुरू होतो, आणि जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा काळ. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी आणि आसपासच्या भागातून करारावर मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांची वंशज-कुटुंबे तिथे आहेत. गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. आपला गणपती चिखलात, छत्र्यांखालून येतो. त्यांचा येतो त्यांच्या कोरड्या, गार ऋतूच्या अखेरीस. मराठी वाचकाला मॉरिशसला जायला याहून चांगले दिवस मला दिसत नाहीत.

आणि वडाळा. कोणी पाहुणा मुंबई नावाचे बेट बघायला येणार असेल आणि त्याने मला महिना विचारला, तर मी आषाढ सांगेन. हे ऐकून लोक चकित होतात. गाड्या अडकतात, हिंदमाता तुंबते, किंग्ज सर्कलला पाणी साचते, भिंतींना बुरशी येते, कपडे वाळत नाहीत. सगळे खरे. तरीही. कोरड्या हिवाळ्यात मुंबई कोणत्याही मोठ्या शहरासारखी असते. पाऊस आला की ती बेट होते, आणि इथली माणसे एकमेकांशी बेटावरच्या माणसांसारखी वागू लागतात.

आषाढी एकादशी येते ती ऐन पावसात, जूनच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत केव्हाही. त्या दिवशी वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराकडे येणारे रस्ते माणसांनी भरतात. हे देऊळ जवळजवळ चारशे वर्षांचे मानतात. मिठाच्या व्यापाऱ्यांना विठ्ठलाची मूर्ती सापडली आणि तुकोबांच्या सांगण्यावरून ती इथे स्थापन झाली, अशी आख्यायिका आहे. मिठागराच्या काठच्या गावाची आख्यायिका मिठापासूनच सुरू व्हावी, हे मला फार योग्य वाटते. पंढरपूरला ज्यांना जाता येत नाही, ते इथे येतात. गिरणगावातून, शिवडीहून, शीव कोळीवाड्यातून, चेंबूर-कुर्ल्याहून. मध्यरात्रीपासून रांग लागते. प्लॅस्टिकच्या रेनकोटातली म्हातारी, तिच्या हातात पिशवी, पिशवीत तुळशीहार, आणि तो ओला होऊ नये म्हणून ती पिशवी छातीशी धरलेली. स्वतः भिजते. बुक्का पावसात ओघळून कपाळावरून नाकावर येतो. शाळेच्या मुलांची दिंडी येते, एखाद्या छोट्या विठोबाची पुठ्ठ्याची टोपी भिजून वाकलेली असते आणि त्याची आई ती सारखी सरळ करत असते. टाळ थांबत नाहीत. फूटपाथवर कोणी केळी वाटते, कोणी खिचडी, कोणी चहा. रांगेतल्या कोणालाही विचारा, आज हवा खराब आहे का? असा प्रश्न कोणाला सुचलेलाही नसतो.

हा दिवस टाळून ज्याने वडाळा पाहिला, त्याने वडाळ्याची घरे पाहिली. मेमधला बहावा आणि गुलमोहर पाच उद्यानांत सुंदर असतो, डिसेंबरची सकाळ प्रसन्न असते, आणि त्यांच्यावरही या पुस्तकात पाने आहेत. पण वर्षातून एकच दिवस निवडायचा झाला तर माझी निवड ठरलेली आहे.

पुस्तकाची मांडणी चैत्र ते फाल्गुन अशी आहे, इंग्रजी महिने सोबत दिले आहेत. प्रत्येक प्रकरणात त्या महिन्यात कुठे जावे, कुठे जाऊ नये आणि का, हे सांगितले आहे. भाडी आणि लाँचच्या वेळा दिलेल्या नाहीत, कारण त्या दरवर्षी बदलतात. भरतीचा हिशेब बदलत नाही, तो पहिल्याच प्रकरणात सविस्तर आहे. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, हे मात्र इथेच लिहून ठेवतो, कारण गेटवेपर्यंत जाऊन परत आलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

वाचकाला एवढीच विनंती. हे पुस्तक घरी वाचा, तिथी पाहा, बेत करा; पण धक्क्यावर पोहोचलात की पुस्तकावर विसंबू नका, माझ्यावरही नको. तिथल्या तांडेलाला विचारा. तो ‘आज नको’ म्हणाला, तर त्या दिवशी जाऊ नका.